चाप

मराठीत बंदुकीच्या ट्रिगरला चाप म्हणतात. केस धरून ठेवतो तोही चाप. आणि कुणाची मनमानी फार वाढली की आपण तिला 'चाप लावतो'. म्हणजे गोळी सोडणारा तुकडा आणि आवरून धरण्याची क्रिया, दोन्हींना एकच शब्द. संस्कृतात चाप म्हणजे धनुष्य. तिथून हा शब्द बंदुकीपर्यंत कसा आला असेल याचा अंदाज बांधता येतो. पण 'आवरणं' हा अर्थ त्यात राहिला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. कारण गेले काही महिने मी जे लेखन वाचते आहे, त्यात चापाची ही अर्धी बाजू जवळपास हरवलेली आहे.

ते लेखन आहे अमेरिकेतल्या सिंगल-शॉट शिकारी रायफलींबद्दलचं, आणि त्यातही एका अतिशय चिंचोळ्या विषयावरचं: अशा रायफलीचा ट्रिगर सुधारायचा कसा. हा विषय साहित्याच्या पानावर कशाला, असं कुणी विचारेल. माझं उत्तर असं की हे लेखन हा एक पक्का साहित्यप्रकार आहे. त्याची कथनपद्धत ठरलेली, उपमा ठरलेल्या, खलनायकही ठरलेला. सत्यनारायणाच्या कथेसारखा क्रम असतो. शिकारी एक देखणी रायफल घेतो. लाकूड सुंदर, पोलाद सुंदर, पण चाप जड आणि खरखरीत. तो रात्री टेबलावर फडकं अंथरून ती उघडतो, आतले भाग घासतो, स्प्रिंग बदलतो, ताणकाट्याने पुन्हा पुन्हा मोजतो. मग नोव्हेंबरच्या थंडीत रानात जातो. हरिण येतं. आणि चाप 'काचेची कांडी मोडावी तसा' सुटतो. ही काचेची कांडी या प्रकारात इतक्या वेळा मोडली आहे की तिचे तुकडे पायाला लागतात.

आधी यंत्र समजून घेऊ, कारण पुढचा सगळा वाद त्या यंत्रातच आहे.

रायफलीत एक घोडा असतो. ताकदवान स्प्रिंग त्याला पुढे ढकलत असते. त्याच्या पायथ्याशी एक खाच, आणि त्या खाचेत सिअर नावाच्या छोट्या तुकड्याची कड अडकलेली. चाप ओढला की सिअर खाचेतून सरकते, घोडा सुटतो, पुढच्या पिनवर आदळतो, काडतूस पेटतं. सगळा खेळ त्या दोन पोलादी कडांच्या मिठीचा. मिठी खोल असेल तर चाप ओढताना आत काहीतरी खरडत, रांगत जातंय असं बोटाला जाणवतं. उथळ असेल तर चाप हलका आणि स्वच्छ सुटतो; आणि फारच उथळ असेल तर रायफल जमिनीवर आपटली तरी घोडा सुटू शकतो. घोडा सुटल्यावरही चाप मागे जात राहतो, ती चाल वेगळी. आणि किती जोर लागतो त्याचं वजन वेगळं, ते पाउंडात मोजतात. शिकारीच्या रायफलीसाठी तीन पाउंडांच्या आसपास, म्हणजे साधारण १३६० ग्रॅम, हे बऱ्याच जणांना पटणारं माप.

आता इथे पहिली गंमत. चापाचं काम काय, असं विचारलं तर कुणीही म्हणेल, गोळी सोडणं. पण रायफल भरल्यापासून वापरून होईपर्यंतचा वेळ मोजला, तर त्यातला जवळजवळ सगळा वेळ ही यंत्रणा घोडा धरून ठेवत असते. चढणीवर, चिखलात, मचाणावर, शिकारी शिंकताना. सोडण्याचं काम एका निमिषाचं. तरी या प्रकारातली नव्वद टक्के विशेषणं त्या निमिषासाठी खर्च होतात.

सिंगल-शॉट म्हणजे एका वेळी एकच काडतूस मावणारी रायफल. नवीन गोळी हवी तर हाताने पुन्हा भरायची. हा काही प्राचीन अवशेष नाही. जॉन फार्कर्सन या स्कॉटिश माणसाने १८७२ साली पेटंट घेतलेली रचना आफ्रिकेतल्या इंग्रज शिकाऱ्यांच्या हातात गाजली. फ्रेडरिक सेलसने ती वापरली. अमेरिकेत जॉन ब्राउनिंगने १८७९ साली पेटंट घेतलेली रायफल विंचेस्टर कंपनीने विकत घेऊन १८८५ पासून काढली. मग एकापाठोपाठ गोळ्या देणाऱ्या रायफली स्वस्त झाल्या आणि ही जात संपेल असं वाटलं. आणि नेमक्या त्याच काळोखात, १९६७ साली, बिल रूगरने फार्कर्सनच्या धर्तीवर 'नंबर वन' नावाची नवी सिंगल-शॉट रायफल बाजारात आणली. दोनच वर्षांनी फ्रँक डी हास यांचं 'सिंगल शॉट रायफल्स अँड ॲक्शन्स' हे जाडजूड पुस्तक आलं. एकाच गोळीवर प्रेम करणाऱ्यांचा एक पंथच उभा राहिला.

हातात पाच गोळ्या मिळत असताना एकच का घ्यायची? स्पॅनिश विचारवंत ऑर्तेगा इ गॅसेत याने १९४२ साली शिकारीवरच्या आपल्या चिंतनात सांगितलं होतं की माणूस शिकारीत आपलं वरचढपण मुद्दाम कमी करून घेतो, नाहीतर ती शिकार राहत नाही, नुसती कत्तल होते. सिंगल-शॉट हे त्याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण. एकच गोळी आहे, म्हणून जवळ जायचं, थांबायचं, खात्री नसेल तर परत फिरायचं. पंथाचं हे नीतिशास्त्र मला मनापासून आवडतं. आणि म्हणूनच चापाची चर्चा त्यांच्यासाठी नुसती हौस नाही हेही मान्य. एकच गोळी असेल आणि खरखरीत चापामुळे नेम दोन बोटं ढळला, तर पोटात गोळी घेऊन हरिण रात्रभर रानात मरत पडतं. जे लेखक हे स्पष्ट लिहितात त्यांच्याबद्दल मला आदर आहे.

किंबहुना या प्रकारातलं सर्वोत्तम गद्य टेबलावरच्या भागात सापडतं, रानातल्या भागात नाही. टेबलावर लेखक फार प्रामाणिक असतो. वाक्यं लहान. कर्ता जागेवर. मी पिन काढली, मी कड भिंगाखाली पाहिली, मी थांबलो. सिअरच्या कडेवर कठीण पोलादाचा जेमतेम कागदाइतका थर असू शकतो; घासण्याच्या उत्साहात तो निघून गेला की खालचं मऊ पोलाद काही दिवसांत झिजतं, आणि आज मऊसूत वाटणारा चाप पुढच्या हंगामात आपोआप सुटू लागतो. चांगला लेखक इथे आपल्याला घाबरवतो, आणि जाणत्या बंदूक-कारागिराकडे पाठवतो. रिकामी रायफल ताणून, दस्ता जमिनीवर आपटून घोडा जागेवर राहतो का ते बघायला सांगतो. मला हा परिच्छेद नेहमी चापाच्या मराठी अर्थाचा वाटतो. सोडणाऱ्या वस्तूची परीक्षा ती न सोडण्यावरून.

मग तोच लेखक रानात जातो आणि त्याचं व्याकरण बदलतं.

'मी' नाहीसा होतो. चाप सुटतो. रायफल बोलते. हरिण कोसळतं. सगळी क्रियापदं अकर्मक. टेबलावर ज्याने स्क्रूचा पाव फेराही स्वतःच्या नावावर नोंदवला, तो नेमक्या मारण्याच्या क्षणी वाक्यातून उठून बाहेर जातो. हे आळसातून होत नाही, त्यामागे एक तंत्र आहे. नेमबाजीत शिकवतात की चाप झटक्याने ओढू नका, हळूहळू दाब वाढवत जा. गोळी नेमकी कधी सुटेल हे तुम्हालाही कळू नये, सुटली की तुम्हालाच आश्चर्य वाटावं. तंत्र म्हणून हे अगदी बरोबर आहे, कारण स्फोटाची वाट पाहणारा हात आधीच दचकतो. पण कथनात हे तंत्र शिरलं की त्याचा निरागसपणा होतो. मी दाब वाढवत होतो, एवढंच. गोळी तिची ती सुटली. परिपूर्ण सुधारलेला चाप म्हणजे ज्यात माणसाची जबाबदारी कळण्याइतकीही खरखर उरलेली नाही, असं काहीसं हे लेखन नकळत म्हणून जातं.

मराठीला हा मोह नवा नाही. आपल्याकडे शिकारकथांत 'बार काढला' असतं तसं 'बार झाला'ही असतं. गोळी 'झाडली' असते, 'सुटली' असते, 'घातली' असते आणि 'लागली' असते. वर्तमानपत्रातल्या बातम्या वाचताना हे चार शब्द वेगवेगळे ठेवून बघा. साफसफाई करताना गोळी सुटते. चकमकीत लागते. घातली जाते ती फक्त आरोपपत्रात.

याच कसोटीवर इंग्रजीतली तीन नावाजलेली पानं वाचून बघावीशी वाटली. तिन्हींत सिंगल-शॉट रायफल नाही, हे आधीच सांगते. पण तिन्हींत चाप आहे.

पहिलं हेमिंग्वेचं. 'द शॉर्ट हॅपी लाइफ ऑफ फ्रान्सिस मॅकोंबर' ही कथा १९३६ सालची. श्रीमंत अमेरिकन मॅकोंबर आफ्रिकेत सिंहावर नेम धरतो आणि चाप ओढतो. ओढत राहतो, बोट मोडेल की काय असं वाटेपर्यंत. चाप हलत नाही. मग त्याच्या लक्षात येतं की सेफ्टी लावलेलीच आहे. ती काढताना तो हलतो, सिंह सावध होतो, आणि नंतरची गोळी सिंहाला ठार न करता जखमी करते. पुढची सगळी नामुष्की इथून सुरू होते. हेमिंग्वे बंदुका जाणणारा माणूस होता. 'ग्रीन हिल्स ऑफ आफ्रिका'मध्ये स्प्रिंगफील्ड रायफलीच्या गुळगुळीत चापाबद्दल तो जवळजवळ प्रेमाने लिहितो. इथे मात्र त्याने चापाचं दुसरं काम पुढे आणलं, अडवण्याचं. मॅकोंबरची भीती तो विशेषणांतून सांगत नाही, न हलणाऱ्या पोलादाच्या तुकड्यावर ती ठेवतो. ट्रिगर सुधारणाऱ्या शंभर लेखांत बोटाविषयी जेवढं कळत नाही तेवढं या दोन-तीन वाक्यांत कळतं.

पण खरी गोष्ट शेवटी आहे. मॅकोंबर धीट होतो, अंगावर येणाऱ्या रेड्यासमोर उभा राहतो, आणि मोटारीत बसलेल्या बायकोची, मार्गोची, गोळी त्याच्या कवटीत शिरते. निवेदक सांगतो की तिने मॅनलिकर रायफलीने रेड्यावर गोळी झाडली होती आणि ती नवऱ्याला लागली होती. खून की अपघात, यावर समीक्षक अनेक दशकं भांडत आले आहेत. मला भांडणापेक्षा एक साधी गोष्ट दिसते: या वाक्यात बोट नाही, चाप नाही. नवऱ्याच्या न सुटलेल्या गोळीला हेमिंग्वेने चाप दिला, बायकोच्या सुटलेल्या गोळीला दिला नाही. जिथे हेतू कळला असता ती जागाच त्याने पुसून टाकली. मॅनलिकर शिकारी रायफलींत बरेचदा दुहेरी चाप असायचा. मागचा ओढला की पुढचा इतका हलका व्हायचा की नुसता स्पर्श पुरे. मार्गोच्या रायफलीला तसा होता का, हे कथा सांगत नाही. न सांगण्यातच कथेचं सगळं बळ आहे, आणि मला वाटतं लबाडीही.

दुसरं पान ऑर्वेलचं, तेही १९३६चंच: 'शूटिंग ॲन एलिफंट'. बर्मातला गोरा पोलीस अधिकारी, माजावर येऊन आता शांत झालेला हत्ती, मागे दोन हजारांची गर्दी. त्याला हत्ती मारायचा नाही आणि गर्दीसमोर हसं होऊ नये म्हणून तो मारतो. ऑर्वेल सबंध निबंधभर सांगतो की आपण कळसूत्री बाहुली होतो, गर्दीची इच्छा आपल्याला ढकलत होती. म्हणजे 'गोळी सुटली' असं लिहायला याच्याइतकं भक्कम कारण कुणाकडेच नव्हतं. तो तसं लिहीत नाही. चाप ओढला तो मी, असंच वाक्य आहे. त्याला फक्त आवाज ऐकू आला नाही आणि धक्का जाणवला नाही. ऐकू आला तो गर्दीचा चीत्कार. मग एक गोळी, दुसरी, तिसरी. हत्ती मरत नाही. शेवटी छोटी रायफल मागवून तो गोळ्यांवर गोळ्या ओततो आणि मरण बघवत नाही म्हणून निघून जातो. नेम कुठे धरायचा हेच आपल्याला ठाऊक नव्हतं हेही तो कबूल करतो. एका स्वच्छ गोळीच्या पंथाने आपल्या प्रत्येक सभासदाला हा निबंध सक्तीने वाचायला द्यावा. त्या रायफलीत काही दोष नव्हता; तिचं तो कौतुकच करतो.

तिसरं पान कॉर्बेटचं, आणि मला यातलं सर्वांत आवडतं. 'मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊं' १९४४ साली आलं, त्यातली चौगढच्या वाघिणीची कथा. १९३० सालचा एप्रिल. कॉर्बेट ओढ्यातून उतरतो आहे. वाटेत रातव्याची दोन अंडी दिसली, वेगळी वाटली म्हणून डाव्या हातात घेतली आहेत. उजव्या हातात हलकी .२७५ रायफल. एका मोठ्या शिळेला वळसा घालतो, उजव्या खांद्यावरून मागे बघतो, तर काही फुटांवर वाघीण, थेट चेहऱ्यात चेहरा. रायफलीचं तोंड भलत्याच दिशेला. तो एका हाताने, अतिशय सावकाश, तिची नजर न सोडता, रायफल वळवत नेतो. हात थकत चालला आहे. नळी तिच्या अंगावर आली तेव्हा चाप दाबतो.

ती रायफल बोल्टची, पुन्हा भरता येणारी. पण बोल्ट मागे घ्यायला दुसरा हात लागतो, आणि दुसऱ्या हातात अंडी. म्हणजे त्या क्षणी ती सिंगल-शॉटच. कॉर्बेटला हे माहीत होतं; पोरवयात कॅडेट कंपनीकडून मिळालेली मार्टिनी रायफल त्याने वापरली होती, एका गोळीच्या शिस्तीत तो वाढला होता.

आणि मग तो लिहितो ते सगळ्या ट्रिगर-साहित्यात मला सापडलं नाही. आवाज ऐकला, धक्का जाणवला, हे दोन पुरावे नसते तर आपण त्या भयाण स्वप्नात आहोत असंच वाटलं असतं, ज्यात चाप ओढत राहावा आणि रायफल उडतच नाही. कारण वाघीण क्षणभर होती तशीच राहिली होती. ऑर्वेलला आवाज ऐकू आला नाही आणि त्याची गोळी खरी होती. कॉर्बेटला ऐकू आला आणि तरी ती खरी वाटेना. मॅकोंबरच्या दिवसाढवळ्या जे घडलं तेच कॉर्बेटच्या दुःस्वप्नात आहे: न सुटणारा चाप. इतका निष्णात शिकारी, पण त्याच्या मनाच्या तळाशी जड चापाची तक्रार नाही, चाप आणि परिणाम यांच्यातल्या दरीची भीती आहे. ही दरी कोणत्याही घासकामाने भरत नाही.

पुढे तो अंड्यांचा हिशेब मांडतो. दोन्ही हात मोकळे असते तर आपण रायफल झटकन फिरवली असती, आणि त्या हालचालीनेच वाघिणीने झेप घेतली असती. हात अडकला म्हणून सावकाशी आली आणि सावकाशीने वाचलो. चाप लावणं याचा याहून नेमका दाखला कुठे मिळेल? मग ती अंडी त्याने परत नेऊन घरट्याच्या जागी ठेवली.

इथे मला त्या अमेरिकी प्रकारातल्या खलनायकाकडे परत जायचं आहे. त्याचं नाव 'वकिलांचा ट्रिगर'. म्हणजे कंपन्या खटल्यांच्या भीतीने चाप मुद्दाम जड ठेवतात आणि शिकाऱ्याला त्याचा त्रास होतो, अशी ती तक्रार. लेखामागून लेख वकिलांवर दात खातो. या तक्रारीत तथ्य अजिबात नाही असं नाही. काही कारखानदारी चाप खरोखर दगडासारखे असतात. रूगर नंबर वनच्या सुरुवातीच्या चापांना जुळवाजुळवीचे स्क्रू होते, पुढे ती मोकळीक कमी होत गेली, आणि जुन्या मालकांचा हळहळ करण्याचा हक्क मान्य आहे. पण वकील कुठून आले? २०१४ साली रेमिंग्टन कंपनीने एका विशिष्ट ट्रिगरच्या मॉडेल ७०० आणि मॉडेल सेव्हन रायफली स्वतःहून परत मागवल्या. जोडणी करताना चिकटवण्याचं द्रव्य जास्त लागलं होतं आणि त्यामुळे रायफल आपोआप उडण्याचा धोका होता. वकिलांना हसणाऱ्या लेखात असा परिच्छेद शोधला तर क्वचित सापडतो. आपोआप सुटलेल्या गोळीचं दुसरं टोक कुणाच्या तरी अंगात असतं, आणि 'सुटली' हे क्रियापद तिथे कायद्याला पुरत नाही.

सॅव्हेज कंपनीने काढलेला उपाय मला म्हणून जास्त रोचक वाटतो. चापाच्या मधोमध एक पातळ पातं. ते बोटाने नीट दाबलं गेल्याशिवाय घोड्याला वाट नाही. चाप हलका झाला, आणि त्याच वेळी धरून ठेवणारी एक जास्तीची गोष्ट आली. या शोधावर भरपूर लिहिलं गेलं, पण बहुतेक ठिकाणी हलकेपणाबद्दल.

हलकेपणाला विरोध असा माझा नाही. १ ऑगस्ट २०२४ला कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्य जिंकलं, ४५१.४ गुणांनी, तेव्हा आपल्यातल्या अनेकांनी पहिल्यांदाच इतक्या वेळ एका बोटाकडे पाहिलं असेल. त्या स्पर्धेतही दर वेळी एकच काडतूस हाताने भरायचं असतं, आणि तिथले चाप शिकारी रायफलीच्या मानाने पिसासारखे. तिथे ते शोभतं. नळी कायम लक्ष्याच्या दिशेला, गोळी भरायची ती आपल्या जागेवरच, समोर कागद किंवा पडदा. शिकारी मात्र भरलेली रायफल घेऊन कुंपण ओलांडतो, हातमोजे घालून, थंडीने बोटं बधिर झालेली असताना. मैदानावरचा चाप रानात नेण्याची हौस या लेखनात सारखी डोकावते आणि मला ती चुकीची वाटते.

मोबाइलवरच्या नेमबाजीच्या खेळांत तर चापच नाही. गुळगुळीत काचेवर अंगठा टेकवायचा. खाच नाही, सिअर नाही, रांगणं नाही, मोजण्याजोगं वजन नाही. फोन थरथरतो तेवढाच काय तो धक्का. ट्रिगर सुधारणाऱ्या कारागिरांचं स्वप्न पूर्ण झालं ते इथे.

आपल्याकडे व्यंकटेश माडगूळकर बंदूक घेऊन रानात हिंडले आणि पुढे नुसतं बघायला जाऊ लागले. अमेरिकी पंथाकडून तशी अपेक्षा करणं मूर्खपणाचं होईल. तिथे शिकार कायदेशीर आहे, तिचं मांस घरात शिजतं, बाप पोरीला रानात नेतो. माझी मागणी त्यांच्या गद्याकडे आहे. टेबलावरचा 'मी' रानातही न्या. भिंगाखाली कड पाहणारी ती नजर आणि ते बारकावे बोटावरही येऊ द्या.

मॅकोंबरची कथा मराठीत करायची झाली तर हा प्रश्न शेवटच्या पानावर आडवा येतो. 'मार्गोकडून गोळी सुटली' असं लिहिलं तर अपघात ठरला. 'तिने नवऱ्याला गोळी घातली' म्हटलं तर खून. हेमिंग्वेचं इंग्रजी वाक्य रेड्यावर झाडण्याचं कर्तेपण तिला देतं आणि नवऱ्याला लागणं मात्र वाक्याच्या शेपटीला बांधतं. मी 'तिने रेड्यावर गोळी झाडली होती' एवढ्यावर पूर्णविराम देईन आणि 'ती मॅकोंबरला लागली होती' हे वेगळं वाक्य करेन. दोघांच्या मधे जी जागा राहील तिथे चाप आहे, आणि तो कुणी किती जोराने ओढला हे वाचणाऱ्याने बघावं.